जकातीपलीकडचे नियम : पर्यावरण, मानके आणि आंतरराष्ट्रीय व्यापार

परदेशी मालाला आपल्या बाजारात येण्यापासून रोखायचे असेल, तर त्यावर जकात बसवणे हा राज्यसंस्थेचा सर्वांत जुना उपाय होय. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, ‘जकाती व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार’ म्हणजेच ‘गॅट’ अस्तित्वात आला. त्याच्या छत्राखाली वाटाघाटींच्या आठ फेऱ्या झाल्या, औद्योगिक मालावरील जकाती टप्प्याटप्प्याने उतरत गेल्या, आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेची स्थापना झाली. मात्र जकाती उतरत असतानाच आयातीच्या दाराशी विचारले जाणारे प्रश्न वाढत गेले. मालात कोणते रसायन किती आहे, त्याच्यासोबत एखादी कीड तर येत नाही ना, तो तयार करताना किती कोळसा जळला, त्यासाठी कुठले जंगल तोडले गेले, असे हे प्रश्न आहेत, आणि त्यांची लेखी उत्तरे दिल्याखेरीज आज अनेक वस्तूंना मोठ्या बाजारपेठांत प्रवेश मिळत नाही.

या नियमांना अर्थशास्त्रात ‘जकातेतर उपाय’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ नियम माणसाच्या आरोग्यासाठी व निसर्गाच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत. काही नियम मात्र त्याच कारणांचा आधार घेऊन देशी उत्पादकाला परक्या स्पर्धेपासून सांभाळतात. आणि एकाच नियमात हे दोन्ही हेतू मिसळलेले असणेही दुर्मीळ नाही. मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला माप आणि पुरावा असे दोन्ही अर्थ आहेत, आणि या संपूर्ण विषयाचा गाभा त्या दोन अर्थांत सामावलेला आहे : माप कोणी ठरवायचे, आणि ते पूर्ण केल्याचा पुरावा कोणी, कोणाच्या खर्चाने द्यायचा.

नियम, मानक आणि पडताळणी

जागतिक व्यापार संघटनेच्या ‘व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारा’त तीन संज्ञा वेगळ्या केल्या आहेत. ‘तांत्रिक नियम’ म्हणजे सरकारने बंधनकारक केलेली अट. ती पाळली नाही तर माल विकता येत नाही. ‘मानक’ म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेने ठरवलेली, परंतु कायद्याने सक्तीची नसलेली कसोटी. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेची, म्हणजे ‘आयएसओ’ची मानके या प्रकारात मोडतात. तिसरी संज्ञा ‘अनुरूपता मूल्यमापन’ ही असून तिच्यात नमुना तपासणे, कारखान्याची पाहणी करणे, प्रमाणपत्र देणे या सर्व पडताळणीच्या क्रिया येतात. व्यवहारात निर्यातदाराला अनेकदा अटीपेक्षा पडताळणीचाच जाच अधिक होतो, कारण माल कसोटीला उतरणारा असला तरी ते सिद्ध करणारी प्रयोगशाळा जवळ नसेल, किंवा तिचा अहवाल आयातदार देश मान्य करीत नसेल, तर चांगला मालही बंदरात अडकून पडतो.

अन्नातील विषारी अंश, जनावरांचे रोग आणि पिकांवरील किडी यांच्याशी संबंधित नियमांसाठी स्वतंत्र करार आहे. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसपीएस करार’ म्हणतात आणि त्याचा भर वैज्ञानिक पुराव्यावर आहे. प्रत्येक देशाला आपल्या नागरिकांसाठी हवी तितकी सुरक्षितता ठरवण्याचा अधिकार हा करार मान्य करतो, परंतु त्यासाठी केलेला नियम धोक्याच्या शास्त्रीय मूल्यमापनावर आधारलेला असावा, अशी अट घालतो. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरता नियम करता येतो, मात्र अधिक माहिती मिळवून वाजवी मुदतीत त्याचा फेरविचार करावा लागतो. वाद टाळण्यासाठी तीन आंतरराष्ट्रीय संस्थांची मानके संदर्भ म्हणून धरली जातात : अन्नासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेला ‘कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस’ आयोग, पशुआरोग्यासाठी जागतिक पशुआरोग्य संघटना आणि वनस्पतींसाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार.

पर्यावरणाच्या संदर्भात आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. फळावरील कीटकनाशकाचा अंश फळाबरोबरच ग्राहकाच्या घरात जातो, म्हणून तो तपासण्याचा आयातदार देशाचा अधिकार सहज पटतो. पोलादाच्या पत्र्यात मात्र तो बनवताना बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड शिल्लक नसतो. कोळशाच्या भट्टीतील आणि विजेच्या भट्टीतील पत्रा वापरणाऱ्याला सारखाच दिसतो. वस्तूच्या गुणधर्मावर अट घालणे आणि ती दुसऱ्या देशात कशी बनली यावर अट घालणे, यांमधील ही रेषा गेल्या तीन दशकांतील बहुतेक मोठ्या वादांच्या मुळाशी आहे.

डॉल्फिन, पेट्रोल आणि कासव

या रेषेची पहिली गाजलेली परीक्षा ट्यूना माशाच्या निमित्ताने झाली. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडील उष्ण पाण्यात पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपांखालून पोहतो, त्यामुळे डॉल्फिनभोवती पर्ससीन जाळे टाकले की ट्यूना हमखास मिळतो, पण डॉल्फिनही त्यात अडकून मरतात. अमेरिकेने आपल्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याच्या आधारे मेक्सिकोच्या ट्यूनाची आयात बंद केली. मेक्सिकोच्या तक्रारीवर १९९१ मध्ये गॅटच्या मंडळाने असे मत दिले की, मासा पकडण्याच्या पद्धतीवरून मालच नाकारणे कराराशी सुसंगत नाही. हा अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला गेला नाही, तरी व्यापाराचे नियम निसर्गरक्षणाच्या आड येतात, अशी तीव्र भावना पर्यावरणवादी चळवळीत त्यातून निर्माण झाली.

वास्तविक गॅटच्या विसाव्या कलमात अशा प्रसंगांसाठी अपवाद आहेत. माणसांचे, प्राण्यांचे व वनस्पतींचे जीवन वा आरोग्य यांच्या रक्षणासाठी आवश्यक असलेले, तसेच संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या जतनाशी निगडित असलेले उपाय त्या कलमाने मान्य केले आहेत. परंतु असा उपाय मनमानी वा असमर्थनीय भेदभावाचे साधन होऊ नये आणि व्यापारावरील छुपे बंधन ठरू नये, अशी अट त्याच्या प्रारंभीच घातली आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळासमोर आलेल्या पहिल्याच प्रकरणात, १९९६ मध्ये, ही अट निर्णायक ठरली. अमेरिकेने हवा स्वच्छ ठेवण्यासाठी पेट्रोलच्या शुद्धतेचे नियम केले होते, पण देशी शुद्धीकरण कारखान्यांना स्वतःच्या जुन्या नोंदींवरून आधारपातळी ठरवण्याची जी मुभा दिली, ती परदेशी कारखान्यांना नाकारली. व्हेनेझुएला आणि ब्राझील यांनी दाद मागितली आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. हवा स्वच्छ ठेवण्याचा हेतू मंडळाने योग्य मानला. दोष होता तो दोघांना वेगळे माप लावण्यात.

भारताचा थेट संबंध आला तो कोलंबीच्या प्रकरणात. ट्रॉल जाळ्यात कोलंबीबरोबर समुद्री कासवेही सापडतात आणि श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येता न आल्याने बुडून मरतात. त्यावर ‘टेड’ नावाचे साधन निघाले : जाळ्याच्या गळ्यात तिरपी बसवलेली जाळी, जिच्यातून कोलंबी मागे जाते आणि कासव मात्र वरच्या वा खालच्या झडपेतून बाहेर पडते. १९८९ च्या कायद्याने अमेरिकेने अशी व्यवस्था नसलेल्या देशांची कोलंबी नाकारायचे ठरवले आणि १९९६ पासून हा नियम जगभर लागू केला, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी एकत्र तक्रार केली.

अपिलीय मंडळाने १२ ऑक्टोबर १९९८ रोजी दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक मानला जातो. समुद्री कासवे ही ‘संपुष्टात येऊ शकणारी नैसर्गिक संपत्ती’ आहे आणि तिच्या रक्षणासाठी मासेमारीच्या पद्धतीवर अट घालणे तत्त्वतः अपवादात बसते, हे मंडळाने मान्य केले. म्हणजे १९९१ ची भूमिका येथे मागे पडली. तरीही अमेरिका हरली, कारण कॅरिबियन परिसरातील देशांशी तिने वाटाघाटी केल्या होत्या व त्यांना बदलासाठी तीन वर्षे दिली होती, तर आशियाई देशांना जेमतेम चार महिने दिले होते. पुढे अमेरिकेने अंमलबजावणीची पद्धत सुधारली, आणि मलेशियाने पुन्हा दिलेले आव्हान २००१ मध्ये टिकले नाही. ओडिशातील गहिरमाथ्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे ज्यांच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, त्या भारतीयांना या निकालातून दोन गोष्टी एकाच वेळी शिकता येतात : कासव वाचवण्याची मागणी न्याय्य होती, आणि ती लादण्याची रीत अन्यायाची होती. हा वाद अजूनही मिटलेला नाही. टेडच्या वापराबाबत समाधान न झाल्याने अमेरिकेने २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोलंबीची आयात थांबवली आहे.

रंग, द्राक्षे आणि हापूस

भारतातील उत्पादकांना या नियमांची ओळख न्यायनिवाड्यांतून कमी आणि परत आलेल्या मालातून अधिक झाली. १९९० च्या दशकात जर्मनीने कापड व चामड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, कारण ते विघटित होऊन कर्करोगजन्य अमाइन संयुगे तयार होतात. सुरुवातीला ही बंदी भारतीय निर्यातीवरचा आघात वाटली. परंतु १९९७ मध्ये भारत सरकारनेही अशा अनेक रंगांवर बंदी आणली, आणि तिचा लाभ परदेशी ग्राहकाइतकाच ते रंग रोज हाताळणाऱ्या येथील कामगारालाही मिळाला. परक्याने घातलेली अट आपल्या हिताची असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचा अनुभव द्राक्षांचा. युरोपीय संघात कीटकनाशकांच्या अंशांसाठी ‘कमाल अवशेष मर्यादा’ म्हणजे ‘एमआरएल’ ठरवलेली असते, आणि ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. हे प्रमाण म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. इतका सूक्ष्म अंश मोजण्यासाठी अत्याधुनिक उपकरणे लागतात, आणि ती हाताशी नसताना शेतकऱ्याला आपला माल बसतो की नाही हे कळण्याचा मार्गच नसतो. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक अवशेष सापडले, तेव्हा कृषी निर्यातीची केंद्रीय संस्था ‘अपेडा’ आणि पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या पुढाकाराने अवशेष तपासणीचा कार्यक्रम उभा राहिला. पुढे ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आली : निर्यातीच्या बागेतील प्रत्येक प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, मान्य रसायनांची यादी, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे अंतर, प्रयोगशाळेने घेतलेला नमुना, पॅकहाउसमधील नोंद आणि युरोपातील पेटीवरून थेट बागेपर्यंत मागे जाता येईल अशी साखळी.

इतकी व्यवस्था असूनही २०१० च्या हंगामात ती एका ठिकाणी उणी पडली. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक खरड छाटणीनंतर वेलीची शाखीय वाढ आवरून फळधारक डोळे तयार होण्यासाठी वापरले जाई. ते कीटकनाशक नव्हे, फळ धरण्याच्या कितीतरी आधी दिले जाते, आणि तोवर भारतातील तपासणीच्या यादीतही नव्हते. परंतु ते वेलीत दीर्घकाळ टिकते, आणि युरोपातील प्रयोगशाळांनी त्याचा अंश शोधून काढला. माल तिकडच्या बंदरांत अडकला, सौदे मोडले आणि ज्यांनी यादीतील प्रत्येक अट पाळली होती अशा शेतकऱ्यांनाही मोठा तोटा सोसावा लागला. या प्रसंगाचा धडा असा की, दूरच्या बाजारातील बदललेले माप वेळीच समजणे हे माप पाळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. यासाठीच जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत नव्या नियमाची पूर्वसूचना देण्याचे बंधन आहे. हरकतींसाठी साधारणपणे साठ दिवस ठेवावेत असा संकेत असून प्रत्येक देशाला माहितीसाठी चौकशी केंद्र नेमावे लागते. तांत्रिक अडथळ्यांच्या करारापुरते भारतातील ते केंद्र भारतीय मानक ब्युरोमध्ये आहे. ही सूचना जिनिव्हातील संघटनेकडून दिल्लीपर्यंत येते. ती पिंपळगावच्या वा तासगावच्या बागेपर्यंत हंगामापूर्वी पोहोचवणे हे काम देशालाच करावे लागते.

हापूसच्या बाबतीत अडचण रसायनाची नसून किडीची होती. भारतातून आलेल्या फळांच्या व भाज्यांच्या अनेक खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंब्यासह वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली. ऐन हंगामात आलेल्या या बंदीने कोकणात संताप उसळला. पण निर्यातीपूर्वीच्या तपासणीत आणि प्रक्रियेत सुधारणा झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. अमेरिकेचे दार याआधी, २००७ मध्ये, निराळ्या उपायाने उघडले होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० पासून मिळणाऱ्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे इतकी मात्रा आंब्याला दिली जाते. त्यामुळे कोयीतील भुंगा व फळमाशी यांची पुढची पिढी निर्माण होऊ शकत नाही, आणि फळ किरणोत्सारी होत नाही. जपानसाठी याच कामाला गरम बाष्पाची प्रक्रिया करावी लागते. म्हणजे एकाच झाडाच्या फळाला तीन बाजारपेठांसाठी तीन वेगळ्या कसोट्या पार कराव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी वेगळे यंत्र, वेगळा निरीक्षक आणि वेगळा खर्च येतो.

सीमेवर मोजला जाणारा कार्बन

आता हा प्रवास शेतातून भट्टीकडे वळला आहे. युरोपीय संघात २००५ पासून कारखान्यांना कार्बन उत्सर्जनासाठी परवाने घ्यावे लागतात. तेथील कारखान्यांनी हा खर्च सोसायचा आणि शेजारून तो न सोसलेला स्वस्त माल यायचा, अशा स्थितीत उत्पादनच बाहेर सरकेल, या ‘कार्बन-गळती’च्या भीतीतून ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ जन्माला आली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीबॅम’ म्हणतात. लोखंड व पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ही तिची क्षेत्रे आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत असे. १ जानेवारी २०२६ पासून आयातदारावर मालात दडलेल्या उत्सर्जनाइतकी प्रमाणपत्रे विकत घेण्याची जबाबदारी आली आहे. युरोपातील कारखान्यांना मिळणारे मोफत परवाने २०३४ पर्यंत क्रमाने संपतील आणि त्या प्रमाणात आयातीवरचा भार वाढत जाईल.

भारताला ही यंत्रणा सर्वाधिक जाणवते ती पोलादात. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत उत्सर्जन कमी होते; भारतात मात्र कोळशावर चालणाऱ्या झोतभट्ट्या आणि कोळशापासून बनवलेले स्पंज आयर्न यांचा वाटा मोठा असल्यामुळे टनभर पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हे प्रमाण जागतिक सरासरीपेक्षा अधिक आहे. त्याहून सूक्ष्म अडचण पुराव्याची आहे. उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारी देता आली नाही तर युरोपीय संघाने ठरवलेली, सहसा चढी असलेली गृहीत मूल्ये लागू होतात. मोठा कारखाना मोजणीचा विभाग उभारू शकतो. नट-बोल्ट वा ओतकाम करणाऱ्या लहान उद्योजकाला आपल्या विजेचा, इंधनाचा आणि विकत घेतलेल्या कच्च्या पोलादाचा हिशेब मांडणेच अवघड जाते, आणि प्रत्यक्षात स्वच्छ असलेला मालही कागदावर मलिन ठरतो.

न्यायाचा प्रश्नही येथे तीव्र होतो. १९९२ च्या रिओ परिषदेने देशांच्या ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्यां’चे तत्त्व मान्य केले, म्हणजे हवामानाचे रक्षण सर्वांनी करायचे, पण ज्यांनी दीड-दोन शतके धूर सोडून समृद्धी मिळवली त्यांनी अधिक वाटा उचलायचा. त्याच परिषदेच्या जाहीरनाम्याच्या बाराव्या तत्त्वाने पर्यावरणाच्या नावाने एकतर्फी व्यापारी उपाय टाळण्यास सांगितले. सीमेवर सर्वांना एकच कार्बनदर लावताना हा इतिहास हिशेबातून गळतो, आणि जमा होणारा पैसा गरीब देशांच्या भट्ट्या बदलण्यासाठी न जाता आयातदार संघाच्याच तिजोरीत जातो, हा भारताचा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याच नियमात अशीही तरतूद आहे की, मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत वजा करता येते. भारताने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणि टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला ‘हरित’ ठरवणारे डिसेंबर २०२४ चे वर्गीकरण यांकडे या दृष्टीने पाहावे लागते. कारण कार्बनची किंमत द्यायचीच असेल, तर ती देशात जमा होऊन देशातील भट्ट्या सुधारण्यासाठी वापरली जाणे केव्हाही हिताचे आहे.

जंगलतोडीविषयीचा २०२३ चा युरोपीय नियम हीच दिशा पुढे नेतो. कॉफी, कोको, रबर, सोयाबीन, पामतेल, लाकूड आणि गुरे यांपासून बनलेला माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नाही, हे त्या जमिनीच्या अक्षांश-रेखांशांसह दाखवावे लागणार आहे. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली, तरी कर्नाटकातील कोडगूमधल्या दोन-तीन एकरांच्या कॉफीमळ्यालाही आपले अक्षांश-रेखांश तयार ठेवणे भाग पडणार आहे.

घरची मानके

या सर्व उदाहरणांतून नियमाची पारख करण्याचे चार निकष हाती येतात : त्यामागे शास्त्रीय आधार आहे का, देशी आणि परक्या उत्पादकाला माप सारखे आहे का, पूर्वसूचना आणि पुरेसा अवधी दिला आहे का, आणि लहान उत्पादकाला पुरावा देणे शक्य व्हावे यासाठी साहाय्य आहे का. या कसोट्यांवर कमी पडणाऱ्या नियमाविरुद्ध दाद मागणे हा भारताचा हक्क आहे. परंतु ही दाद मागण्याचे ठिकाणही आज दुबळे झाले आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्यामुळे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून नवी अपिले ऐकू शकलेले नाही. अशा काळात केवळ परक्यांच्या न्यायबुद्धीवर विसंबणे परवडणारे नाही.

स्वतःची मानके भक्कम असणे हाच टिकाऊ उपाय आहे. निर्यातीच्या द्राक्षांच्या प्रत्येक प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. देशातील बाजारात जाणाऱ्या द्राक्षांसाठीही अवशेषांच्या मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत, पण तितकी काटेकोर तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. रॉटरडॅममधील ग्राहकाला जे संरक्षण नाशिकचा शेतकरी आणि भारताची यंत्रणा मिळून देऊ शकतात, ते नाशिकमधल्या ग्राहकाला देता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. तालुक्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या दरात तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा, लहान उद्योगांसाठी उत्सर्जन मोजण्याची सामायिक सोय, आणि नव्या नियमांची माहिती मराठीत वेळेवर पोहोचवणारी यंत्रणा एवढे उभारले, तर परदेशी अट ही अचानक कोसळणारी आपत्ती राहणार नाही. माप आपणही ठरवावे, ते आधी आपल्या माणसांसाठी पाळावे. मग त्याचा पुरावा जगाच्या कोणत्याही बंदरात देता येतो.